सहानंतर नऊ

सोलापुरात दर डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी सॉफ्टवेअर प्रक्रिया सुधारणा परिषद भरते, हे सोलापूरकरांनाच सांगावं लागतं. सांगितलं की माणूस आधी तुमच्या तोंडाकडे बघतो आणि मग विचारतो, जेवण असतं का? असतं. पण परिषद जेवणासाठी नव्हती. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारी माणसं चुकतात. ती चूक पुन्हा होऊ नये म्हणून कामाची रीत कशी बदलायची, एवढं बोलायला ही माणसं चोवीस वर्षं जमत आली होती. जमत आली होती म्हणायचं ते पहिल्या चौदा वर्षांपुरतं. पुढचं सांगायची वेळ आली की शगुफ्ता विषय बदलायची.

शगुफ्ता सोळा वर्षं परिषदेची सचिव होती. वय एक्कावन्न, लग्न केलं नाही, होटगी रोडवरच्या एका लहानशा कंपनीत दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम. दुसऱ्याची चूक ती डोळे झाकून काढायची. पुण्याहून दोनदा आणि हैदराबादहून एकदा नोकरी चालून आली, तेव्हा घरच्यांना तिनं सांगितलं होतं की परिषद कोण बघणार? घरचे हसले होते. आता त्या हसण्याची तिला आठवण झाली, कारण बुधवारी दुपारी इंजिनिअरिंग कॉलेजच्या नव्या संचालकांनी तिला बोलावून घेतलं, चहा दिला आणि गोड आवाजात गळ्यावर सुरी ठेवली. तीनशे खुर्च्यांचं सभागृह आम्ही चोवीस वर्षं फुकट देतोय, गेल्या वर्षी चौतीस माणसं होती, त्यातली अकरा जेवायला आली होती. शनिवारी अकरा वाजता माझा माणूस येऊन बघेल. शंभर माणसं खुर्च्यांवर दिसली तर पुढचं बोलू, नाहीतर पंचविसावी हीच शेवटची.

दुसरं सभागृह मिळण्यासारखं नव्हतं. ती गाडी काढून कंपनीत परत आली आणि आल्या आल्या तिला आठवलं, की स्मरणिकेसाठी परिषदेचा इतिहास लिहून द्यायचा आहे, तोही उद्यापर्यंत. मरायला टेकलेल्याचं चरित्र लिहायला बसावं तशी ती बसली.

इतिहास लिहायचा म्हणजे यादी काढायची. धुळा सरांची यादी. धुळा मेटकरी हे सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातले, गावातले पहिले पदवीधर, आणि सोलापुरात संगणक म्हणजे टीव्हीचा भाऊ समजत होते त्या काळात प्रोग्रॅम लिहायला शिकवणारे. शगुफ्ता त्यांच्या पहिल्या तुकडीतली. त्यांनी दोन हजार सालच्या हंगामात एका साखर कारखान्याला उसाच्या गाड्यांना नंबर देणारा प्रोग्रॅम लिहून दिला. नंबर तीन आकडी ठेवला. नऊशे नव्व्याण्णव झाले आणि प्रोग्रॅम पुन्हा एकवर गेला, म्हणजे आदल्या दिवसापासून रांगेत तिष्ठणाऱ्यांच्या पुढं आत्ता आलेल्या गाड्या लागल्या. बैल तहानलेले, माणसं एकमेकांच्या अंगावर धावलेली. सर स्वतः तिथं गेले आणि चूक माझी म्हणून हात जोडून उभे राहिले. तेव्हा निंगव्वा नावाची एक ऊसतोड करणारी बाई त्यांना म्हणाली, "कोन चुकलं ते ऱ्हाऊ दे साहेब. कसं चुकलं ते बग. उद्या पुन्ना आमालाच हितं उबं ऱ्हायचंय."

त्या एका वाक्यावर सरांनी पुढच्या वर्षी परिषद उभी केली. दर वर्षी व्यासपीठामागं कापड लागायचं: कोण नाही, कसं. पहिला तास चुकांचा. कुणीतरी उठायचं, आपली चूक सगळ्यांसमोर सांगायची, आणि ऐकणाऱ्यानं फक्त कसं झालं तेवढं विचारायचं. कोणी केलं असं विचारलं की सर त्याला खाली बसवायचे, मग तो कुणी का असेना.

यादीही त्याच रीतीची. परिषद भरवताना जी चूक होईल तिची एक ओळ यादीत वाढवायची. पहिल्या वर्षी सभागृहाची किल्ली खिशात घेऊन शिपाई केम गावाला मेव्हण्याच्या लग्नाला गेला, आणि सरांनी सत्तर माणसं कडुलिंबाखाली बसवून परिषद सुरू केली. म्हणून ओळ पहिली, किल्ली कुणाकडे आहे? बंगळुरूचे पाहुणे गाडी बराच वेळ थांबली म्हणून होटगीलाच उतरले. म्हणून ओळ चोवीस, पाहुण्याला डब्यापर्यंत जाऊन उतरवून घेतलं का? एका चेन्नईच्या बाईंनी शेंगाचटणी भाजी समजून वाटीभर खाल्ली आणि त्यांचं दुपारचं भाषण सरांना वाचून दाखवावं लागलं. त्याचीही ओळ होती. अशा एकशे सहा ओळी. आणि सरांचा एक नियम असा, की एखादी ओळ काढलीच तर तिचा नंबर दुसरीला द्यायचा नाही, जागा मोकळी ठेवायची, म्हणजे इथं काहीतरी होतं हे दिसत राहतं.

शगुफ्तानं ओळी वाचता वाचता शेजारच्या कागदावर दर वर्षीची हजेरी एकाखाली एक लिहायला घेतली. सत्तर, एकशे दहा, एकशे चाळीस. चौदाव्या परिषदेला दोनशे बारा. पंधराव्याला एकशे एकोणनव्वद, मग एकशे सत्तर, मग एकशे तीस, आणि तिथून घसरण चौतीसवर. हे आकडे तिला पाठ होते. दर वर्षी तिनं त्यांची कारणंही शोधली होती: पोरं पुण्याला गेली, कोरोना आला, सगळं मोबाईलवर फुकट शिकायला मिळतं. कारणं खोटी नव्हती. पण त्या दिवशी पहिल्यांदाच यादी आणि आकडे एका टेबलावर शेजारी होते, आणि तिची नजर पंधराव्या वर्षावरून यादीच्या पहिल्या पानावर गेली. तिथं सहानंतर नऊ होता. मधली जागा मोकळी.

सातवी ओळ होती, प्रत्येकाच्या घरी जाऊन आवतण दिलं का? आणि आठवी, त्या दिवशी सकाळी दुसरं बोलावणं गेलं का? सरांच्या गावाकडं जेवणाची ही रीतच होती. पहिलं आवतण आधी द्यायचं, ते कळावं म्हणून. पानं मांडली की पुन्हा घरोघरी जाऊन चला म्हणायचं, तो मान. दुसरं बोलावणं आलं नाही तर मानी माणूस उपाशी राहील, पण उंबऱ्यावरून उठणार नाही. सर ते दोन्ही करायचे. पोरांना घरं वाटून द्यायचे, स्वतः सायकलवर निघायचे.

चौदाव्या परिषदेत शगुफ्तानं निबंध वाचला होता. आवतण देण्यात दर वर्षी एकशे त्रेचाळीस तास जातात हे तिनं घड्याळ लावून मोजलं होतं, आणि तेच काम ईमेलनं वीस मिनिटांत होतं हे सिद्ध केलं होतं. प्रक्रिया सुधारणेचा इतका देखणा नमुना सोलापुरात कुणी पाहिला नव्हता. पहिलं बक्षीस मिळालं. सात आणि आठ त्याच दिवशी निघाल्या. सरांनी टाळ्या वाजवल्या होत्या, हे तिला स्वच्छ आठवत होतं. पुढच्या वर्षापासून सर आले नाहीत. लोक म्हणाले निवृत्त झाले, म्हातारपण आलं. शगुफ्तानं मनाशी धरलं की रागावले, आणि रागावलेल्या गुरूच्या दारात जायचं धाडस तिला झालं नाही. दिवाळीला ती फोन करायची, ईदला ते करायचे. तब्येतीचं बोलणं व्हायचं. परिषदेचं दोघंही काढायचे नाहीत.

या अल्ला, ती स्वतःशीच म्हणाली. हे मी केलं. सोळा वर्षं जिला जीव लावला तिच्या मुळावर मीच घाव घातला, वर बक्षीस घेऊन फोटोही काढला.

इतिहास तिथंच राहिला. गुरुवारी आणि शुक्रवारी रजा टाकून ती आवतण द्यायला निघाली. अकरा वर्षांनी. एकसष्ट घरं आणि ऑफिसं केली. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून ती सरळ सांगायची की परिषद बंद पडतेय, या. लोक अरेरे म्हणायचे, चहा ठेवायचे, येतो की म्हणायचे. सोलापुरी येतो की म्हणजे येतोच असं नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? एकानं तोंडावर विचारलं, अकरा वर्षांनी आठवण झाली व्हय? पूर्व भागात भुवनेश्वरीचं ऑफिस. ही पहिल्या तुकडीतली तिची बाकावरची मैत्रीण, विणकरांच्या घरातली, आता टॉवेलच्या कारखान्यांना सॉफ्टवेअर पुरवणारी, चाळीस माणसं हाताखाली. भुवनेश्वरीनं काचेच्या दाराआड बसवून घेतलं, फोनवर एक डोळा ठेवून सगळं ऐकलं आणि म्हणाली, बघते गं, शनिवारी डिलिव्हरी आहे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नक्की येतो म्हणणारे नऊ जण झाले होते. शगुफ्ताचे पाय सुजले होते.

सर्वांत शेवटी ती विजापूर रोडला सरांच्या घरी गेली. धाडस झालं म्हणून नव्हे, दुसरं काही उरलं नाही म्हणून. दारात केराकाकू, सरांच्या बायको. सर झोपले होते. त्यांना हल्ली माणसं आठवत नव्हती, कधी आठवायची, कधी स्वतःच्या मुलाला पाहुणा समजून पाणी विचारायचे. शगुफ्तानं उंबऱ्याबाहेरच उभं राहून आवतण दिलं. काकूंनी ते ऐकून घेतलं आणि मग जे सांगितलं ते ऐकून तिला कुठं बघावं कळेना.

"दर साली त्या शनवारी ह्यो मानूस पांडरा शर्ट घालून दारात बसतोय. मी म्हनते जावा की, कुनी आडवलंय? म्हनत्यात, बोलवायला येतील. दुपार झाली की शर्ट काडून ठेवत्यात. धा वर्सं झाली, बाय."

शगुफ्ता रडली. काकूंनी रडू दिलं. मग ती निघताना एवढंच म्हणाल्या की दोनदा बोलवायची रीत आहे, सकाळी नऊला ये, ते तयार असतील.

शनिवारी सकाळी साडेसातला ती सभागृहाच्या पायरीवर बसली होती. किल्ली जाग्यावर, माईकचे सेल नवे, कापड लागलेलं, एकशे चार ओळींवर बरोबरच्या खुणा झालेल्या. आठवी ओळ राहिली होती, दुसरं बोलावणं. एकसष्ट घरं एका सकाळी कशी होणार? बुडत्याला काडीचा आधार म्हणून तिनं मोबाईलवरचा परिषदेचा ग्रुप उघडला. दोनशे चाळीस माणसं त्यात होती आणि दिवाळीच्या शुभेच्छांनंतर कुणी ब्र काढला नव्हता. तिला वाटलं, कोरडं निमंत्रण टाकण्याऐवजी आधी कडुलिंबाखालचा फोटो टाकावा, पहिल्या परिषदेचा. सरांचा चेहरा बघून तरी कुणाला लाज वाटेल. तिनं गर्दीतून सरांना कापून मोठं केलं, खाली लिहिलं, धुळा मेटकरी सर, आणि पाठवून दिलं. पुढचा मजकूर ती टाइप करत होती.

तो पुरा व्हायच्या आत भुवनेश्वरीचं उत्तर आलं. भावपूर्ण श्रद्धांजली. जोडलेले हात.

शगुफ्ताला काही क्षण अर्थच लागला नाही. मग लागला. सकाळच्या प्रहरी ग्रुपवर म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो आणि खाली नुसतं नाव, आपल्याकडं त्याचा दुसरा अर्थ कोण काढील? लागोपाठ सात श्रद्धांजल्या पडल्या, मग तीस. पुण्याचे, हैदराबादचे, एक तर थेट टेक्सासहून. माझ्या आयुष्याला वळण देणारा माणूस गेला. सरांनी माझी फी भरली होती. मोहोळचा एक जण म्हणाला निघालोच. दहा वर्षं गप्प पडलेली माणसं घळाघळा बोलू लागली.

तिनं घाईनं टाइप केलं, सर ठीक आहेत. अंगठा पाठवायच्या खुणेवर होता. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, घर तेच का, विजापूर रोडचं?

आता शगुफ्ताबद्दल कुणी काही म्हणो, सोळा वर्षांत तिनं कधी चुकीवर पांघरूण घातलं नव्हतं. कंपनीचा मालक गयावया करायचा तरी ती चूक आहे म्हणजे आहे म्हणायची. पण त्या पायरीवर, मागं तीनशे रिकाम्या खुर्च्या आणि अकराला येणारा संचालकांचा माणूस, तिच्या अंगठ्यानं लिहिलेलं एकेक अक्षर पुसलं. त्या जागी तिनं लिहिलं, घर तेच. हे खरं होतं, आणि ते खरं आहे एवढाच आधार घेऊन तिनं ते पाठवलं. मग फोन पर्समध्ये टाकून तासभर ती तशीच बसून राहिली. पर्समध्ये फोन थरथरत होता आणि तिच्या मनात एकच किळसवाणा विचार येत होता, की माणसं येतायत.

तिथून उठली ती मात्र वेड्यासारखी. विजापूर रोडपर्यंत तिनं गाडी कशी चालवली तिलाच ठाऊक नाही. आपण जिवंत माणसाच्या दारात त्याचं मयत धाडलंय. आजारी माणूस, ते बघून त्याला काही झालं तर ती कुणाला तोंड दाखवणार होती?

गल्लीच्या तोंडापासूनच गाड्या लागल्या होत्या. पांढरे कपडे, हातात हार, कडेला काढलेल्या चपला. शंभर होते की दीडशे, तिला मोजवेना. आणि सगळे जागच्या जागी थबकले होते, कारण दारात खुर्चीवर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून धुळा सर बसले होते आणि एकेकाकडं टक लावून बघत होते. पुढच्यांनी हार पाठीमागं लपवले होते. भुवनेश्वरीला तेवढंही सुचलं नव्हतं. ती हुंदके देत सरळ पुढं गेली, आता हाराचं काय करायचं ते कळेना म्हणून तो सरांच्याच गळ्यात घातला आणि पायाशी बसली.

सरांनी हाराला हात लावून बघितला. चेहरा हळूहळू उजळला.

"एवडी मानसं कशाला आली?" ते म्हणाले. "दुसऱ्या बोलावन्याला एक जन पुरतोय की."

गर्दीतून कुणीतरी मोठ्यानं रडलं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. कुणीतरी म्हणालं, चला सर, तुम्हालाच न्यायला आलोय, आणि मग सगळेच चला सर, चला सर म्हणू लागले. सर खुर्चीचा हात धरून उठले. दहा वर्षांत पहिल्यांदा तो शर्ट घालून ते उंबऱ्याच्या बाहेर पडले.

केराकाकू मात्र भिंतीशी उभ्या होत्या. त्यांना कुणीतरी फोन दाखवला होता. शगुफ्ता जवळ गेली तशी त्यांनी तिचं मनगट धरलं. आवाज चढवला नाही.

"आवतनाला आली न्हाईत. मौतीला आवतन लागत न्हाय, म्हून आली. व्हय ना?"

शगुफ्तानं मान हलवली.

"औंदा हे धाडलंस. फुडल्या साली काय धाडशील, बाय?"

काकूंनी हात सोडला आणि सरांच्या चपला आणायला त्या आत गेल्या.

भुवनेश्वरीनं आपली गाडी दिली. मागच्या सीटवर सर आणि शगुफ्ता. मागं गाड्यांची रांग लागली होती, पार पुलापर्यंत. अकराच्या आत सभागृह भरणार होतं, संचालकांच्या माणसाला बघायला हवं तेवढं भरणार होतं. तिनं मागं वळून बघितलं नाही. सर खिडकीतून बघत होते, मधेच त्यांनी तिच्याकडं हात पुढं केला.

"यादी?"

तिनं फाइल दिली. हाराच्या पाकळ्या पानावर पडत होत्या, त्या बाजूला सारत ते बोट ठेवून वाचू लागले. किल्ली. माईक. सहापर्यंत आले, खाली नऊ होता. बोट थांबलं. पुन्हा सहावर गेलं, पुन्हा नऊवर आलं. मोकळ्या जागेवर त्यांनी बोट टेकवून ठेवलं.

"हितं काय हुतं?"

"आवतण होतं, सर. आणि दुसरं बोलावणं."

ते विचारात पडले. नाव आठवायचं असलं की करायचे तसे डोळे त्यांनी बारीक केले, पण आठवलं नाही. "मग कुनी..." असं तोंडातून निघालं आणि त्यांनी स्वतःच हात वर करून ते थांबवलं, वर्गात थांबवायचे तसं.

"मी काढलं, सर," शगुफ्ता म्हणाली. तिला आता लपवायचं नव्हतं, ना हे, ना सकाळचं. "मीच काढलं."

"कोन ते इचारलं न्हाई पोरी," ते म्हणाले. तिला ते ओळखत नव्हते. "कसं निगालं ते सांग."

गाडी कॉलेजच्या फाटकातून आत वळली. कडुलिंबाखाली संचालकांचा माणूस घड्याळ बघत उभा होता.

"सर," ती म्हणाली, "त्या वर्षी मी वेळ मोजला होता."